नवीन टीम घेताय? आधी परिस्थिती वाचा, स्टाईल नंतर ठरवा

प्रमोशन होतं किंवा नवी नोकरी लागते, टीम हातात येते, आणि पहिल्याच आठवड्यात माणूस ठरवून मोकळा होतो की आपण मनमोकळे बॉस होणार, किंवा कडक शिस्तीचे होणार, किंवा आधीच्या कंपनीत केलं तेच इथे करणार कारण तिकडे ते मस्त चाललं होतं. इथेच क्रम उलटा होतो. स्टाईल ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी काम बघायचं, मग माणसं, मग आपल्या हातात खरोखर किती अधिकार आहे ते, मग वेळ किती आहे ते. एवढं नीट बघितलं की कसं वागायचं ते बऱ्यापैकी आपोआप ठरतं.

खाली तो क्रम दिलाय. थिअरी लागेल तिथे आणि लागेल तेवढीच. टीम ५ जणांची असो की ५० ची, पद्धत तीच, फक्त ५० ची असेल तर हे सगळं तुमच्या खालच्या लीड लोकांकडूनही करून घ्यावं लागतं, नाहीतर उंटावरून शेळ्या हाकणं होतं.

## तयारी: कशालाही हात लावायच्या आधी

तीन गोष्टी कागदावर हव्यात.

पहिली, तुमच्या वरच्या माणसाने तुम्हाला नक्की कशासाठी आणलंय. तोंडी नको, मेलवर घ्या. "टीम जरा सुधारायचीय" हे काही उत्तर नाही. विचारायचं की सहा महिन्यांनी काय दिसलं तर तुम्ही म्हणाल काम झालं? आणि लगेच पुढचा प्रश्न, कशाला हात लावलेला तुम्हाला चालणार नाही? हा दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि मग नेमका तिथेच हात घालून बसतात.

दुसरी, कामांची यादी. माणसांची नव्हे, कामांची. टीम महिन्याभरात जे जे करते ते, प्रत्येक काम एका ओळीत. १०-१५ ओळी निघतात. तीनच निघाल्या तर तुम्ही खूप वरवर लिहिताय, आणि ४० निघाल्या तर बारीकसारीक गोष्टींत अडकलाय.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वगळली जाते. या टीममध्ये मागचा मोठा बदल कुठला झाला आणि त्याचं पुढे काय झालं. हे एचआरला विचारून कळत नाही. टीममधल्या जुन्या माणसाला विचारायचं, आणि तेही चार जणांत नाही, एकट्याला गाठून. साधारण असं होतं:

"मागच्या वेळी सिस्टीम बदलली तेव्हा कसं झालं सगळं?"

"काही नाही, झालं व्यवस्थित."

इथे गप्प बसायचं. पुढचा प्रश्न विचारायची घाई करायची नाही.

"म्हणजे... आम्ही सांगितलं होतं जुना डेटा नीट येणार नाही म्हणून. मीटिंगमध्ये लिहूनही घेतलं त्यांनी. पण त्यांचं ठरलेलंच होतं आधी."

या शेवटच्या वाक्यात तुम्हाला हवी ती माहिती आहे. या टीमच्या दृष्टीने मतं विचारणं म्हणजे नाटक आहे. उद्या तुम्ही उभं राहून "मला प्रत्येकाचं मत हवंय" म्हणालात तर सगळे माना डोलावतील आणि जागेवर जाऊन एकमेकांकडे बघून हसतील. सल्लामसलत ही पद्धत वाईट असं नाही, पण या टीमला आधी एक छोटीशी सूचना खरंच अमलात आलेली दिसली पाहिजे, मतं मागायची त्यानंतर. दुसऱ्या टीममध्ये, जिथे मागचा बदल लोकांना विचारून झालाय आणि चांगला झालाय, तिथे पहिल्या दिवशी न विचारता ऑर्डर काढलीत तर तुमचंच नाव खराब होणार.

तपासा: या तिन्ही कागदांपैकी एकही कोरा असेल तर पुढच्या स्टेपला जाऊ नका. फक्त ऑफिसला खरोखरच आग लागलेली असेल तर थेट चौथ्या स्टेपला जा आणि मग परत या.

## १. कामांचे चार ढीग करा

यादीतलं प्रत्येक काम चारपैकी एका ढिगात टाका. डेव्ह स्नोडन यांची कनेव्हिन म्हणून परिस्थितीचे प्रकार ओळखायची एक चौकट आहे, तिच्यावरून हे सुचतं, पण नावं मी सोपी ठेवतोय.

ठरलेली कामं: पायऱ्या माहिती आहेत, कोणीही केलं तरी उत्तर एकच यायला हवं. पगाराची फाईल, रोजचा बॅकअप, ऑर्डर पाठवणं.

जाणकाराची कामं: उत्तर आहे, पण शोधायला अनुभव लागतो. सर्व्हर का हळू चाललाय, या करारात धोका कुठे आहे, वगैरे.

करून बघायची कामं: उत्तर कोणालाच माहिती नाही, अगदी जाणकारालाही नाही. नवं प्रॉडक्ट लोक घेतील का, दोन डिपार्टमेंट एकत्र केली तर माणसं कशी वागतील.

पेटलेली कामं: विचार करायला वेळच नाही, आधी नुकसान थांबवायचं.

ठरलेल्या कामात तुमचं काम म्हणजे प्रोसेस नीट आहे का बघणं आणि बाजूला होणं. जाणकाराच्या कामात योग्य माणसाला विचारणं आणि त्याला पुरेसा वेळ मिळवून देणं. करून बघायच्या कामात छोटे प्रयोग सुरू करणं आणि फसले तर माणसाला न झोडपणं. पेटलेल्या कामात स्पष्ट सूचना देणं.

सर्रास होणारी चूक अशी की करून बघायच्या कामाला ठरलेलं काम समजून तारीख मागितली जाते. टीमही मग काहीतरी तारीख देते, ती हुकते, तुम्ही चिडता, आणि पुढच्या वेळी ते दुप्पट वेळ सांगतात. याच्या उलटही चालतं, म्हणजे चेकलिस्टने होणाऱ्या कामावर दर सोमवारी तासभर चर्चा. लोकांना वाटतं इथे विचारस्वातंत्र्य आहे, प्रत्यक्षात फक्त सगळ्यांचा सोमवार जातो.

सावधान: एखादं काम कुठे टाकायचं कळत नसेल तर आपण ते आपल्या सवयीच्या ढिगात टाकतो. अकाउंट्समधून आलेल्याला सगळं ठरलेलं वाटतं, सेल्सवाल्याला सगळं पेटलेलं. म्हणून हे ढीग एकट्याने करू नका, ते काम रोज करणाऱ्या एकाला तरी सोबत बसवा.

## २. माणूस आणि काम यांचा तक्ता

आता माणसं. आणि इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

लोक टीमची विभागणी "स्ट्राँग" आणि "वीक" अशी करतात आणि त्या शिक्क्यावर पुढची दोन वर्षं काढतात. शिक्का माणसाला लागत नाही, माणूस आणि काम या जोडीला लागतो. हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ साली परिस्थितीनुसार नेतृत्वाचं जे मॉडेल मांडलं त्याचा कामाला येणारा भाग एवढाच आहे. (संशोधनात त्या मॉडेलला पाठिंबा संमिश्रच मिळालाय, त्यामुळे धर्मग्रंथ म्हणून वापरू नका, तक्ता भरायला म्हणून वापरा.)

आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात कामं, आणि प्रत्येक चौकोनात दोन गोष्टी लिहा: हे काम जमतं का, आणि करायची इच्छा किंवा आत्मविश्वास आहे का.

समजा एक सीनियर आहे, आठ वर्षं झालीत, टेक्निकल कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याला पहिल्यांदाच क्लायंटशी दरावरून बोलणी करायला पाठवायचंय. मॅनेजर म्हणतो, "अरे तू एवढा अनुभवी, तुला काय सांगायचं, बघ तू." ऐकायला हा विश्वास वाटतो, पण खरं तर त्याला वाऱ्यावर सोडलंय. या कामात तो नवखा आहे, त्याला आकडा कुठून सुरू करायचा, कुठल्या आकड्याखाली जायचं नाही, क्लायंट गप्प बसला तर काय करायचं, हे सगळं सांगावं लागेल, पहिल्या मीटिंगला सोबत बसावं लागेल. आणि दुसऱ्या दिवशी तो टेक्निकल काम करत असताना त्याच्या मागे उभं राहून सूचना दिल्यात तर तो वैतागेल, आणि त्याचं बरोबरच असेल. एकाच माणसाशी एकाच आठवड्यात दोन वेगळ्या पद्धतीने वागायचंय तुम्हाला.

चौकोन भरून झाले की वागणं साधारण असं ठरतं:

- जमत नाही पण उत्साह आहे: स्पष्ट सांगा, दाखवा, लवकर तपासा. या माणसाला "तुला काय वाटतं?" विचारून काही मिळत नाही, त्याला अजून काही वाटायला लागलेलं नसतं.
- थोडं जमतं पण धीर सुटलाय: सांगा, आणि का ते पण सांगा. शिकताना मधे एक टप्पा येतोच जिथे माणसाला आपल्याला किती येत नाही ते कळतं, तेव्हा हात काढून घेऊ नका.
- जमतं पण करायची तयारी नाही: याला ट्रेनिंगला पाठवणं ही ठरलेली चूक. येतं त्याला. काय अडलंय ते विचारा. कधी मागचं क्रेडिट दुसऱ्याला गेलेलं असतं, कधी फक्त कंटाळा आलेला असतो.
- जमतं आणि मनापासून करतो: बाजूला व्हा. स्टीव्हन कर आणि जॉन जर्मिअर यांनी १९७८ मध्ये नेतृत्वाच्या पर्यायांबद्दल लिहिलं होतं, की शिक्षण, अनुभव, पक्की प्रोसेस या गोष्टीच बॉसचं बरंचसं काम करत असतात. अशा ठिकाणी रोजचं स्टेटस मागणं म्हणजे नुसती लुडबुड.

तपासा: एखाद्या माणसाच्या सगळ्या चौकोनांत तुम्ही एकच गोष्ट लिहिली असेल तर तुम्ही काम न बघता माणसाबद्दलचं तुमचं मत लिहिलंय. परत भरा.

सावधान: हा तक्ता कोणाला दाखवायचा नाही, शेअर्ड ड्राइव्हवर तर मुळीच ठेवायचा नाही.

## ३. अधिकार आणि विश्वास मोजा

फ्रेड फिडलर यांनी १९६० च्या दशकात तीन गोष्टी बघायला सांगितल्या: लोकांचं तुमच्याशी नातं कसं आहे, काम किती स्पष्ट आहे, आणि पदामुळे तुमच्या हातात किती ताकद आहे. त्यांचं म्हणणं असं होतं की या तिन्ही बाबतीत परिस्थिती खूप चांगली किंवा खूप वाईट असेल तर कामावर लक्ष ठेवणारा लीडर जास्त चालतो, आणि मधल्या परिस्थितीत नाती सांभाळणारा. काम किती स्पष्ट आहे ते आधीच्या दोन्ही स्टेपमध्ये बघून झालंय, उरली ताकद आणि नातं.

ताकदीसाठी एक यादी करा, कोणालाही न विचारता तुम्ही आज काय काय करू शकता? सुट्टी मंजूर करणं, खर्च मंजूर करणं, कामाचा क्रम बदलणं, एखाद्याला प्रोजेक्टमधून काढणं, अप्रेझलचा आकडा. पदनाम मोठं आणि यादी दोन ओळींची, हे खूप ठिकाणी दिसतं, विशेषतः जिथे माणसं काम तुमचं करतात पण रिपोर्ट दुसऱ्याला करतात. तिथे हुकूम सोडायची पद्धत चालतच नाही, कारण समोरच्याला माहिती असतं की नाही ऐकलं तरी काही होत नाही. तिथे त्यांच्या बॉसशी आधी बोलून क्रम ठरवून घ्यायचा आणि मग त्यांच्याशी बोलायचं.

नात्यासाठी एकच गोष्ट बघा, वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर येते. नव्याचे नऊ दिवस सगळेच गोड बोलतात, त्यामुळे हसतमुख चेहरे मोजू नका.

## ४. वेळ किती आहे, आणि चुकलं तर किती महागात पडेल

वेळ नसेल तर एकाने ठरवायचं आणि बाकीच्यांनी करायचं, हे सगळ्यांना माहिती आहे. चूक पुढे होते: एकाने ठरवायचं म्हणजे बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं, असा अर्थ घेतला जातो.

२८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं १७३ नंबरचं विमान इंधन संपून पडलं आणि १० जण गेले. कॅप्टन लँडिंग गिअरच्या अडचणीत इतका गुंतला होता की इंधनाकडे वेळेत लक्ष गेलं नाही, आणि कॉकपिटमधल्या दुसऱ्यांनी इंधनाचा विषय काढला तरी तो पुरेसा ठामपणे मांडला गेला नाही. त्यानंतर विमान कंपन्यांनी क्रूला एकत्र काम करायचं जे ट्रेनिंग सुरू केलं त्यात कॅप्टनचा अधिकार काढून घेतलेला नाही, पण कॅप्टनने विचारणं आणि क्रूने स्पष्ट बोलणं हे दोन्ही ड्युटीचा भाग केलंय.

तुमच्या टीमसाठी याचा अर्थ असा, की इमर्जन्सी मोड सुरू करताना तीन वाक्यं मोठ्याने बोलायची: निर्णय कोण घेणार, कोण कशावर लक्ष ठेवणार, आणि काही चुकतंय असं दिसलं तर लगेच, परवानगी न घेता बोलायचं. आणि एका माणसाखाली थेट फार लोक ठेवू नका. आपत्कालीन व्यवस्थापनाच्या पद्धतीत एकाखाली ३ ते ७ हा आकडा धरतात, ५ असले तर उत्तम.

सावधान: दर आठवड्याला इमर्जन्सी असेल तर ती इमर्जन्सी नाही, प्लॅनिंगची बोंब आहे. सतत पेटलेल्या मोडमध्ये राहणाऱ्या बॉसला त्यात मजा येत असते हेही खरं, कारण तिथे प्रश्न विचारणारं कोणी नसतं.

## ५. प्रत्येक मोठ्या निर्णयाची पद्धत ठरवा

व्हिक्टर व्रूम आणि फिलिप येटन यांनी १९७३ मध्ये पद्धतींची शिडीच मांडली होती: स्वतः ठरवणं, माहिती मागवून स्वतः ठरवणं, एकेकट्याशी बोलून स्वतः ठरवणं, सगळ्यांना एकत्र बसवून ऐकून स्वतः ठरवणं, आणि ग्रुपनेच ठरवणं. एकच पायरी नेहमी बरोबर असं नसतं. तीन प्रश्न विचारा:

मला पुरेशी माहिती आहे का? नसेल तर पहिली पायरी बाद.

लोकांनी हे मनापासून मानलं नाही तर काम अडेल का? शिफ्टच्या वेळा बदलताय तर अडेल, प्रिंटरची कंपनी बदलताय तर कोणाला काही पडलेली नसते. अडणार असेल तर शेवटच्या, म्हणजे लोकांना सोबत घेणाऱ्या पायऱ्या.

टीमचं हित आणि संस्थेचं हित एकाच दिशेला आहे का? इथे नाही उत्तर आलं, म्हणजे बजेट कापायचंय, कोणाचं तरी काम जाणारंय, तर निर्णय ग्रुपवर सोडू नका. ऐका सगळ्यांचं, ठरवा तुम्ही, आणि वाईटपणाही तुम्हीच घ्या. "तुम्हीच ठरवा कोणाला काढायचं" यात लोकशाही वगैरे काही नाही, अंग काढून घेणं आहे ते.

मग ही पद्धत मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगा. "मी तुमचं ऐकणारंय, ठरवणार मी, शुक्रवारपर्यंत सांगतो" एवढं वाक्य पुरतं. लोकांना बॉसने स्वतः निर्णय घेतल्याचा राग कमी येतो, विचारल्याचं नाटक करून घेतल्याचा जास्त येतो.

## ६. आधी एका कोपऱ्यात करून बघा

आधीच्या ठिकाणी यशस्वी झालेली गोष्ट इथे आणायची असेल तर ही स्टेप अजिबात चुकवू नका. रॉन जॉन्सन यांनी ॲपलची दुकानं उभी करून दाखवली होती, नोव्हेंबर २०११ मध्ये ते जेसी पेनी या अमेरिकन दुकानांच्या साखळीचे सीईओ झाले, आणि २०१२ च्या सुरुवातीलाच कूपनं आणि सततचे सेल काढून सरळ एकच स्वस्त किंमत ठेवायची पद्धत सगळीकडे एकदम लागू केली. थोड्या दुकानांत आधी करून बघितलं नाही. तिथलं गिऱ्हाईक कूपन आणि सेलसाठीच येणारं होतं. त्या वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी पडली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं. माणूस तोच होता, गिऱ्हाईक वेगळं होतं.

म्हणून एक काम निवडा, एक छोटा गट, मुदत एक महिना, आणि कशावरून फसलं म्हणायचं ते आधी लिहून ठेवा. नंतर लिहिलंत तर काहीही यशस्वी दाखवता येतं.

## ७. पुन्हा कधी वाचायचं

ही खूप छोटी स्टेप आहे पण बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत. टीममधला मोठा माणूस गेला, तुमचा बॉस बदलला, माणसं दुप्पट झाली, सगळे घरून काम करायला लागले, किंवा संकट संपलं, यातलं काहीही झालं की पहिल्या स्टेपपासून सगळं परत बघा. शेवटचं जास्त फसवं आहे. संकटात हातात घेतलेली सूत्रं नंतर सोडवत नाहीत. इमर्जन्सी मोड सुरू करतानाच तो कुठल्या तारखेला संपणार ते जाहीर करा, वाढवायचा असेल तर कारण द्या.

तुमच्या नकळत परिस्थिती बदलली असेल तर लक्षणं दिसतात: मीटिंगमध्ये तुम्हीच बोलताय, आधी तुमच्याकडे न येणारे बारीक निर्णय यायला लागलेत, "तुम्ही म्हणाल तसं" हे वाक्य वाढलंय.

सावधान: वागणं बदलताना तसं सांगून बदला. कालपर्यंत मोकळं सोडत होता आणि आज अचानक प्रत्येक मेल बघायला मागताय, तर लोक म्हणणार बॉसचा मूड गेलाय. "ऑडिट आहे म्हणून दोन आठवडे मी प्रत्येक फाईल बघणार, मग परत तुमच्याकडे" असं सांगितलं की कोणी मनावर घेत नाही. आणि काही गोष्टी परिस्थितीप्रमाणे बदलायच्या नसतात, क्रेडिट ज्याचं त्याला देणं, सगळ्यांना एकच नियम लावणं, दिलेला शब्द पाळणं. तिथे "कॉन्टेक्स्ट वेगळा होता" म्हणायला लागलात तर ती नुसती सबब झाली.

टीम सोडून जाताना पुढच्या माणसाला कामांचे ढीग आणि मागच्या बदलांचा इतिहास जरूर द्या. माणसांचा तक्ता मात्र देऊ नका, त्यात तुमच्यासमोर ती माणसं कशी वागली ते लिहिलेलं आहे, त्याचा त्याने नव्याने भरायचा.